काचेचं शहर उभारणारा माणूस: झाक ताती

१९६४ साल. पॅरिसच्या आग्नेयेला, व्हँसेनच्या जंगलालगतच्या मोकळ्या जागेवर इमारती उभ्या राहू लागल्या. पोलाद, काच, काँक्रीट. रस्ते, दिव्यांचे खांब, शिवाय स्वतःचं वीजकेंद्र. काही इमारतींना खालून चाकं होती. कॅमेऱ्याला अडचण झाली की इमारत सरकवायची! लांबच्या खिडक्यांत उभी दिसणारी काही माणसं चक्क पुठ्ठ्याची होती. या वस्तीत राहायला कुणीच येणार नव्हतं. हा एका सिनेमाचा सेट होता आणि त्याचं नाव पडलं ‘तातीव्हिल’.

ज्याच्या नावावरून हे नाव पडलं, तो फ्रेंच विनोदी नट-दिग्दर्शक झाक ताती तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता. त्याच्या सिनेमाला ऑस्कर मिळालेलं होतं. त्याने जन्माला घातलेल्या एका पात्रावर देशोदेशीचे प्रेक्षक जीव टाकत होते. आणि नेमकं तेच पात्र तो आता गर्दीत मिसळून टाकायला निघाला होता.

तातीचं खरं आडनाव तातिशेफ. जन्म ९ ऑक्टोबर १९०७ चा, पॅरिसजवळच्या ल पेकमधला. वडिलांचं घराणं रशियन सरदारांचं, आईकडचे लोक डच. घरचा व्यवसाय चित्रांना चौकटी करण्याचा. मुलानेही तेच काम शिकायला घेतलं, पण जीव रमला रग्बीत. उंची सहा फुटांच्या वर, हातपाय लांबलचक. सामना संपला की हा गडी कपडे बदलायच्या खोलीत सगळा सामना सोबत्यांना पुन्हा करून दाखवायचा. एकटाच, आणि तोंडातून शब्द न काढता.

तिथून तो पोचला रंगमंचावर. पॅरिसच्या म्युझिक हॉलमध्ये तो टेनिसपटू व्हायचा, गोलकीपर व्हायचा, मुष्टियोद्धा व्हायचा. घोडा आणि घोडेस्वार, दोन्ही एकाच वेळी व्हायचा. लेखिका कोलेतने १९३६ मध्ये त्याचा प्रयोग पाहिला आणि त्याच्याबद्दल भरभरून लिहिलं.

मग महायुद्ध आलं. फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता, तरुणांना सक्तीच्या मजुरीला जर्मनीत धाडलं जात होतं. ते टाळायला ताती एका मित्रासोबत मध्य फ्रान्समधल्या सेंत-सेव्हेर या खेड्यात जाऊन राहिला. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, तो त्याच गावात परतला तो कॅमेरा घेऊन. ‘झूर द फेत’, म्हणजे जत्रेचा दिवस, हा त्याचा पहिला मोठा सिनेमा. तो स्वतः झाला गावचा पोस्टमन. जत्रेच्या तंबूत अमेरिकन टपालखात्याची फिल्म बघून हा पोस्टमन पेटतो आणि सायकलवरून विमानाच्या वेगाने पत्रं वाटत सुटतो. बाकी बरीचशी माणसं गावचीच.

हा सिनेमा रंगीत व्हायचा होता. थॉमसन-कलर नावाचं नवंकोरं फ्रेंच तंत्र वापरलं होतं. पण त्या फिल्मवरून पडद्यावर दाखवण्याजोगी प्रत निघेना! बरोबरीने दुसऱ्या कॅमेऱ्यावर कृष्णधवल चित्रण करून ठेवलं होतं म्हणून सिनेमा वाचला आणि १९४९ मध्ये लागला. मूळ रंग लोकांना दिसले ते थेट १९९५ मध्ये. तातीची मुलगी सोफी हिने खटपट करून ती रंगीत प्रत तयार करवून घेतली. तोवर तातीला जाऊन एक तप उलटून गेलं होतं.

१९५३ मध्ये आला मस्यू युलो, म्हणजे तेच ते लाडकं पात्र, तातीने स्वतःच रंगवलेलं. आखूड विजार, तोंडात पाइप, डोक्यावर हॅट, आणि चवड्यांवर पुढे झुकून चालणं, जणू वारा मागून ढकलतोय. युलो समुद्रकाठच्या हॉटेलात सुट्टीला येतो. सिनेमाला म्हणावं असं कथानक नाही. पण आवाज ऐका. भोजनगृहाचं दार दर वेळी उघडताना-मिटताना एकच सूर काढतं, कुणी तंतुवाद्याची जाड तार छेडावी तसा. स्टेशनवरच्या भोंग्यातून काय सांगतात त्यातलं एक अक्षर कळत नाही, आणि प्रवाशांचा लोंढा या फलाटावरून त्या फलाटावर धावत राहतो. ताती आवाज नंतर, एकेक करून, निवडून बसवायचा. संवाद मात्र मागे, अर्धवट ऐकू येणारे. बोलपटाच्या काळात विनोदाला शब्दांच्या जोखडातून असं सोडवणारा दुसरा कुणी मला दिसत नाही.

१९५८ च्या ‘मॉन ओंक्ल’मध्ये युलो झाला एका लहानग्याचा मामा. बहिणीचं घर यंत्रांनी भरलेलं, अंगणात माशाच्या आकाराचं कारंजं. तेही फक्त वजनदार पाहुणा आला तरच सुरू करायचं! आणि युलोचं घर जुन्या मोहल्ल्यात, सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथलं एक दृश्य पाहा. युलो खिडकी उघडतो. तिच्या काचेवरून उन्हाचा कवडसा समोरच्या पिंजऱ्यावर पडतो आणि आतला पक्षी गाऊ लागतो. युलो खिडकी जरा ढकलतो, पक्षी गप्प. परत ओढतो, पक्षी परत गातो. मग तो काच नेमक्या कोनात ठेवतो आणि आपल्या वाटेने जातो. या माणसाचा सगळा स्वभाव एवढ्यात कळतो.

याच सिनेमाला ऑस्कर मिळालं. हॉलिवूडमध्ये विचारलं, आणखी काय हवं? तातीने मागितली ती मॅक सेनेट, बस्टर कीटन, स्टॅन लॉरेल यांची भेट. मूकपटांच्या काळातले ते म्हातारे विनोदवीर त्याचे खरे पूर्वज.

आता युलोचे आणखी चार सिनेमे काढले असते तर पैशाला तोटा नव्हता. पण तातीला वाटत होतं, हसू एकट्या नायकाच्या मालकीचं का? ते कोपऱ्यातल्या वेटरचंही असेल, वाट चुकलेल्या पर्यटक बाईचंही असेल. म्हणून ‘प्लेटाइम’. तातीव्हिल उभं राहिलं ते याच सिनेमासाठी. फिल्म ७० मिलिमीटरची, जवळचे शॉट जवळपास नाहीत, आणि एका चौकटीत एकाच वेळी पाच-सहा गोष्टी चाललेल्या. कुठे बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. रेस्टॉरंटच्या काचेच्या दाराचा चुराडा होतो. दारवानाच्या हातात उरते फक्त मोठी गोल मूठ. तो ती मूठ हवेत धरून गिऱ्हाइकांना अदबीने दार उघडत राहतो, आणि गिऱ्हाइकंही त्या नसलेल्या दारातून आत येतात!

चित्रीकरण वर्षानुवर्षं लांबलं. वादळाने सेटचं नुकसान केलं, पैसा संपला, तातीने स्वतःचं होतं नव्हतं ते पणाला लावलं. डिसेंबर १९६७ मध्ये सिनेमा लागला आणि चालला नाही. लोक युलोला बघायला आले होते. पडद्यावर युलोसारखेच कोट-हॅटवाले इतर लोक हिंडत होते आणि खरा युलो मधूनच दिसेनासा होत होता. तातीने सिनेमा कापून लहान केला, तरी उपयोग झाला नाही. कंपनी बुडाली, आधीच्या सिनेमांचे हक्कही कर्जात अडकले. हा सेट तरुण दिग्दर्शकांना वापरायला ठेवावा अशी त्याची इच्छा होती. तो पाडला गेला.

पुढे १९७१ मध्ये ‘ट्राफिक’ आणि १९७४ मध्ये, स्वीडिश टेलिव्हिजनच्या मदतीने, सर्कशीवरचा ‘परेड’. सगळे मिळून मोठे सिनेमे सहाच. ४ नोव्हेंबर १९८२ रोजी ताती पॅरिसमध्ये गेला.

पडद्यावर इतकी माया दाखवणाऱ्या या माणसाने युद्धकाळात एका नर्तिकेपासून झालेली आपली मुलगी कधीच स्वीकारली नाही. त्याने लिहून ठेवलेल्या एका पटकथेवर २०१० मध्ये सिल्व्हँ शोमेने ‘इल्युझनिस्ट’ हा ॲनिमेशनपट काढला. एका म्हाताऱ्या जादूगाराची आणि त्याला वडिलांसारखं मानणाऱ्या मुलीची ती कथा. तेव्हा ही जुनी गोष्ट वर आली. तातीवर प्रेम करणाऱ्यांनाही तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

‘प्लेटाइम’ची दुरुस्त केलेली प्रत २००२ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. आज जगातल्या थोर सिनेमांच्या याद्यांत तो मानाने असतो. बघणार असाल तर मोबाइलवर बघू नका. मिळेल तितक्या मोठ्या पडद्यावर बघा, आणि रेस्टॉरंटचा लांबलचक प्रसंग एकदा संपला की पुन्हा मागे नेऊन लावा. पहिल्यांदा दारवानाकडे बघितलं असेल, तर दुसऱ्यांदा त्या वेटरवर लक्ष ठेवा, ज्याची विजार खुर्चीला अडकून फाटलीय.