किती वॅटचा रेडिओ घेऊ? आधी अँटेना चार बोटं सरकवा!

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली कारखान्यातल्या वायरलेसबद्दल एकच प्रश्न चाळीस वेगवेगळ्या शब्दांत आलाय. "शेडमध्ये वायरलेस टिकत नाही, किती वॅटचा रेडिओ घेऊ?" एकाने तर लिहिलंय, "दादा, मिलिटरी ग्रेडचा कुठला घेऊ तेवढं सांगा, बाकी ज्ञान नको." ज्ञान मिळणारच आहे. बसा.

बेसिक पटापट उरकतो. धूळ-पाणी असेल तर रेडिओचा डबा आयपी ६७ चा घ्या. म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडाला तरी चालेल. पण रोज प्रेशरच्या पाइपने धुणार असाल तर ६७ वर विसंबू नका. बुडणं वेगळं, फवारा वेगळा. कंपन असेल तिथे स्क्रूने आवळायचे एम-१२ कनेक्टर लावा, नेहमीच्या नेटवर्क केबलचा प्लास्टिकचा खटका तिथे टिकत नाही. आणि ते "मिलिटरी ग्रेड"... मिल-स्टँडर्ड ८१० ही अमेरिकी सैन्याची चाचण्यांच्या पद्धतींची जाडजूड यादी आहे. उष्णता, धक्का, कंपन, मीठ, वाळू, सगळं त्यात आहे. खोक्यावर नुसतं "८१०" छापलंय म्हणून खूश होऊ नका. विक्रेत्याला विचारा, यातल्या कुठल्या चाचण्या केल्या? बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. झालं बेसिक.

आता वॅट. एका शेडमध्ये मी ईओटी क्रेनवर, म्हणजे वर रुळांवरून धावणाऱ्या विजेच्या क्रेनवर, वायरलेस कॅमेरा लावला होता. रविवारी टेस्ट केली, शेड रिकामी, चित्र एकदम स्वच्छ. सोमवारी पोलादाची गुंडाळी भरली आणि एका खांबापाशी क्रेन आली की चित्र गायब. मी काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. पॉवर पूर्ण वर नेली. खांबापाशी चित्र गायबच, आणि वर शेजारच्या क्रेनचा रेडिओही अडखळायला लागला, कारण तो त्याच चॅनेलवर होता. दोन ठिकाणच्या शिव्या एकदम खाल्ल्या.

मग क्रेन चालवणारे काका वरून ओरडले, "साहेब, चार बोटं पुढं घेतली की येतंय की!"

ही चार बोटं नीट समजून घ्या. २.४ गिगाहर्ट्झची लाट साधारण १२.५ सेंटीमीटर लांब असते. एक लाट सरळ येते, दुसरी पोलादावर आपटून येते. दोन्ही उलट्या पडल्या की एकमेकींना खातात आणि तिथे सिग्नलचा खड्डा पडतो. अर्धी लाट, म्हणजे जेमतेम ६ सेंटीमीटर सरकलात तर दुसरा खड्डा, आणि मधे सिग्नल झकास. असा खड्डा २०-३० डीबी (डेसिबल, सिग्नलची पट मोजायचं माप) खोल असू शकतो. पॉवर दहापट केली तर मिळतात किती? १० डीबी. सरळ लाट वाढली तशी आपटलेलीही वाढली. खड्डा जागच्या जागी!

यावर लगेच कमेंट येणार, "आमच्याकडे वाढवल्यावर सुरू झालं." झालं असेल. पण सिग्नल दोन्ही बाजूंनी जातो ना? तुमचा मोठा रेडिओ बोंब मारतोय, पलीकडचा बॅटरीवरचा सेन्सर १० मिलिवॅटच्या आसपास कुजबुजतोय. त्याला तुमचं ऐकू येतं, तुम्हाला त्याचं येत नाही. फोनवर "हॅलो, हॅलो" ओरडत राहणारे आजोबा आठवा. समोरच्याला व्यवस्थित ऐकू येत असतं, बिघाड आजोबांच्या स्पीकरमध्ये असतो. सेन्सरच्या स्क्रीनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसल्या म्हणून भुलू नका, त्या एकाच बाजूचं सांगतात.

आणि "सैन्यात तर मोठी पॉवर वापरतात" म्हणणाऱ्यांनो, रणांगणावर जास्त पॉवर म्हणजे शत्रूला आपला पत्ता देणं. दिशा शोधणारी यंत्रं त्याचीच वाट बघत असतात. म्हणून तिथे एका फ्रीक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारतात. अमेरिकी सैन्याचा सिंकगार्स रेडिओ ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये सेकंदाला शंभरहून जास्त उड्या घेतो. जॅमर, म्हणजे सिग्नल बुडवणारं यंत्र, एका फ्रीक्वेन्सीवर बसला तर त्याच्या हाती शब्दाचा तुकडा लागतो.

हो, हेडी लमार, हॉलिवूडची ती नटी! दर वेळी कोणीतरी लिहितं की तिने वायफाय शोधलं. नाही हो. तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथाइलने १९४२ मध्ये टॉर्पेडोच्या रेडिओ नियंत्रणासाठी ८८ फ्रीक्वेन्सींवर उड्या मारण्याचं पेटंट मिळवलं. १९९७ च्या पहिल्या वायफाय मानकात उड्यांचा एक पर्याय होता, पण आज तुमच्या घरातलं वायफाय तसं चालत नाही. बाई हुशार होती, हे कबूल. पुढे चला.

कारखान्यातही हीच युक्ती चालते. वायरलेस-हार्ट बघा, कारखान्यातल्या सेन्सरसाठीची वायरलेस पद्धत, १० मिलिसेकंदांचे टप्पे, १५ चॅनेल, दर टप्प्याला चॅनेल बदलतो. खड्ड्याची जागा फ्रीक्वेन्सीवर ठरते, त्यामुळे एका चॅनेलवर बुडालेला संदेश पुढच्या चॅनेलवर बहुतेकदा पोचतो. माझ्या क्रेनवर मी दुसरा अँटेना लावला, पहिल्यापासून वीतभर दूर. ज्याला नीट ऐकू येईल त्याचं घ्यायचं. दोघं एकाच वेळी खड्ड्यात क्वचित पडतात. चॅनेलही बदलला, आणि पॉवर? होती त्याहून कमी केली.

तीन महिने ठीक चाललं. पहिल्या पावसानंतर चित्र परत मेलं. मी पुन्हा लाटांची गणितं मांडत बसलो, आणि निघालं हे...

[केबलचा कापलेला तुकडा कॅमेऱ्याजवळ धरतो]

हिरवं दिसतंय ना? तांब्याची जाळी आहे ही. छतावरच्या कनेक्टरमधून पाणी शिरलं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जाळीतून हातभर आत गेलं. कनेक्टर मीच आवळला होता, टेपही मीच लावली होती. फक्त वरून खाली गुंडाळली होती, त्यामुळे प्रत्येक वेढ्याची कड वरच्या बाजूला उघडी, पाण्याला आयतं आमंत्रण. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर कौलासारखा बसतो. आणि केबल भिंतीतून आत घेण्याआधी खाली एक झोळ सोडा, थेंब तिथूनच गळून जाईल.

वर जाऊन तुमचा झोळ आहे का बघा आणि फोटो टाका. "किती वॅट" विचारणाऱ्याला मी आता फक्त या हिरव्या केबलचा फोटो पाठवणार आहे.