अजून नऊ हजार बाकी

[दृश्य: पहाट. इमारतीचं पार्किंग. कव्हर घातलेली एक छोटी पेट्रोल गाडी.]

जानेवारी. सकाळचे साडेसहा. याच दिवसांत तिकडे निफाडला पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि इकडे नाशिक शहरात माणसं कानटोपी घालून दूध आणायला निघतात. कॉलेज रोडमागच्या गल्लीत माझे बाबा खाली येतात. गाडीचं कव्हर काढतात, नीट घडी करतात, सेल्फ मारतात. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. पाच मिनिटं गाडी जागेवरच गुरगुरते. मग बंद. घडी उलगडून पुन्हा कव्हर.

देवपूजा एखाद दिवस चुकेल, हे चुकत नाही.

[दृश्य: उघडं बॉनेट. आत चिकटवलेलं गॅरेजचं स्टिकर.]

स्टिकरवर लिहिलंय: ऑइल बदललं ४१,२०० ला, पुढचं ५१,२०० ला. मीटर आज दाखवतोय ४२,१००. मध्ये १४ महिने गेले. रविवारी सोमेश्वरचं दर्शन, अधूनमधून भाजी, एखादं लग्न, झालं. बाबांचा हिशेब सरळ आहे. "अजून नऊ हजार शंभर बाकी आहेत. या चालीनं बारा वर्षं ऑइलकडे बघायला नको."

बाबा सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं मशीनवर होते. तिथे शिफ्ट सुरू झाली की आधी ऑइलची पातळी बघायची, मग बटण दाबायचं. त्यामुळे ऑइलबद्दल त्यांना कुणी शिकवायला गेलं, की घरात वातावरण तापतं. गाडीच्या पुस्तिकेत मात्र किलोमीटरच्या शेजारी महिनेही छापलेले असतात. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यातलं जे आधी होईल ते. हा 'किंवा' वाचायचा राहून जातो.

[दृश्य: वडाळा नाक्याजवळचं गॅरेज. मिस्तरी ऑइल भरायचं झाकण फिरवून काढतो.]

झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर पांढरा थर. ताक घुसळल्यावर रवीला चिकटतं, तसा. मिस्तरी बोटावर घेऊन दाखवतो. "काका, हे पाणी आहे. ऑइलमध्ये मिसळलंय."

बाबा म्हणतात, "पाणी कुठून येणार? मी गाडी धूतसुद्धा नाही फारशी."

पाणी पेट्रोलमधूनच येतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. थंडीत सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा धूर दिसतो, थेंब ठिबकतात, ते हेच. बहुतेक वाफ तिथून निघून जाते. थोडी पिस्टन रिंगांच्या फटींतून खाली चेंबरमध्ये, जिथे ऑइल साठलेलं असतं तिथे, उतरते. इंजिन थंड असेल तर तिथेच तिचं पाणी होतं. शिवाय थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल पाजावं लागतं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये जातं आणि ऑइल पातळ होतं.

हे पाणी आणि हे पेट्रोल बाहेर पडायला एकच वाट आहे: ऑइल चांगलं तापलं पाहिजे, शंभर अंशांच्या आसपास, आणि काही वेळ तापलेलं राहिलं पाहिजे. डॅशबोर्डवरचा काटा दाखवतो ते कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान. तो मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं, असं नाही; ऑइल मागून, सावकाश तापतं. रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग धावल्याशिवाय ते होत नाही.

आता सकाळच्या त्या पाच मिनिटांकडे परत या. उभ्या गाडीवर इंजिनावर भार नसतो, उष्णता जेमतेम तयार होते. ऑइलमध्ये पाणी जातं आणि राहतं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं गेलं, तेवढंही पाच मिनिटांत भरून निघेलच असं नाही. गाडी नीट राहावी म्हणून बाबा १४ महिने जे करत होते, त्यानंच ऑइल खराब होत होतं. मला हे कॅमेऱ्यासमोर बोलायला जीवावर आलं, पण आहे ते आहे.

[दृश्य: ऑइल गेजची पट्टी कापडानं पुसली जाते, पुन्हा आत, पुन्हा बाहेर.]

मिस्तरी पट्टी नाकाजवळ नेतो. पेट्रोलचा वास. पट्टीवरचं ऑइल मात्र दुधाळ नाही, कूलंटची पातळीही जागच्या जागी आहे. हे आधी बघायचं. थर फक्त झाकणाखाली असेल तर तो साठलेला दमटपणा. ऑइलच दुधाळ झालं असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनात ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारी सीलची पट्टी, गेल्याचा संशय घ्यावा. तो खर्च वेगळा, आणि ती गाडी चालवत घरी न्यायची नाही.

रंगावर लोक फार विसंबतात. काळं म्हणजे वाईट, सोनेरी म्हणजे चांगलं. पण काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. डिझेल गाडीत नवं ऑइल काही दिवसांत काळं पडतं. उलट बाबांच्या गाडीतलं ऑइल दिसायला बरं होतं.

आत काय संपलं, ते डोळ्यांना दिसत नाही. जळणातून येणारे वायू पाण्यात मिसळले की आम्ल बनतं. ते मारायला ऑइलमध्ये अल्कधर्मी रसायनं घातलेली असतात. पित्त उसळल्यावर आपण खायचा सोडा घेतो, तसं. डबीतला सोडा संपला की पुढचं पित्त सोसावं लागतं. इथे ते बेअरिंगांना सोसावं लागतं.

"सिंथेटिक घातलंय की," बाबांचा शेवटचा मुद्दा. सिंथेटिक उष्णतेला जास्त टिकतं, खरं आहे. पण पाणी आणि पेट्रोल त्यातही तितकंच उतरतं.

याउलट नाशिक-मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर सलग धावणारी गाडी. तिचं ऑइल दर फेरीत तापतं, वाफ निघून जाते. म्हणूनच अनेक पुस्तिकांत सततच्या छोट्या फेऱ्या 'खडतर वापर' या सदरात असतात, धुळीचे रस्ते आणि ओझं ओढणाऱ्या गाड्यांच्या शेजारी. बाबांची आठवड्याला एकदा देवळात जाणारी गाडी त्या यादीत बसते. हे ऐकून ते हसले, रागानं.

मग बदलायचं कधी? माझं मत: मीटर कितीही दाखवो, वर्षातून एकदा. फेऱ्या पाच-सहा किलोमीटरच्याच असतील आणि गाडी कधीच लांब जात नसेल, तर सहा महिन्यांनी झाकण उघडून बघावं आणि पुस्तिकेतला खडतर वापराचा कालावधी पाळावा. आणि गाडी काही महिने उभीच राहणार असेल, मुलीकडे परदेशात वगैरे, तर ऑइल जाण्याआधी बदलायचं, आल्यावर नाही. आम्लाचं जुनं ऑइल सहा महिने आत ठेवून कुलूप लावण्यात अर्थ नाही. नव्या, बीएस-६ डिझेलवाल्यांनी जास्तच जपावं: तिथे धुराचा फिल्टर साफ करायला जादा डिझेल सोडलं जातं, छोट्या फेऱ्यांत ते काम अर्धवट राहतं आणि डिझेल चेंबरमध्ये उतरतं. न भरता ऑइलची पातळी वाढलेली दिसली, की गॅरेज गाठायचं.

[दृश्य: गाडीखाली टब. ड्रेन नट सुटतो. गरम ऑइलची धार.]

गाडी आधी फिरवून गरम केली होती, म्हणजे गाळ तळाशी न बसता धारेबरोबर येतो. ३ लिटरच्या आसपास ऑइल, नवा फिल्टर, ड्रेन नटाला नवा वॉशर. बाबांनी घरून मागच्या वेळचा उरलेला अर्ध्या लिटरचा डबा आणला होता. बूच कधीचं सैल झालेलं. मिस्तरीनं तो काही न बोलता जुन्या ऑइलच्या पिंपात रिकामा केला. ते पिंप पुनर्प्रक्रियेसाठी जातं. गटारात ओतलं असतं तर वाटेत कुठेतरी गोदावरीत गेलं असतं.

नव्या स्टिकरवर मिस्तरी आकडा लिहायला लागला, तेव्हा बाबांनी पेन मागून घेतला. 'पुढील ऑइल' याच्यापुढे लिहिलं: दसरा. पावसाळ्याचा दमटपणा सरलेला असतो, गाडी तशीही हारासाठी धुवून पुसून बाहेर काढायची असते.

[दृश्य: त्र्यंबक रस्ता. अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला.]

सकाळची पाच मिनिटं बंद झाली. रविवारचं सोमेश्वर आता महिन्यातून दोनदा त्र्यंबकेश्वरपर्यंत लांबतं, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. आई म्हणते, देवाला जातोय की गाडीला फिरवायला, ते एकदा ठरवा. बाबा चौथ्या गिअरमध्ये आहेत आणि काही बोलत नाहीत. अंजनेरीच्या पुढे ते काच थोडी खाली घेतात आणि इंजिनाचा आवाज ऐकतात.