पौषातली काकडी

नमस्कार मंडळी.

संक्रांत जवळ आली की आमच्या निफाडात दोनच गोष्टींची चर्चा असते. तिळाचा भाव काय, आणि आज पारा किती उतरला. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा सकाळीच मोबाइलवर फिरू लागतो. सात, सहा, एखाद्या वर्षी पाचाच्याही खाली. गहूवाले खूश, द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसलेले. आणि अशा गारठ्यात मी काकडीच्या बियांची पुडी उघडते म्हणून घरचे हसतात.

हसू देत. काकडी, दोडका, कारलं, दुधी हे उन्हाळी वेल बरेचजण थंडी पुरती ओसरल्यावर लावतात. वेल मांडवावर चढेस्तोवर एप्रिल उजाडतो आणि इकडे विहिरीचा तळ दिसायला लागतो. दुसरी गोष्ट फुलांची. ऊन तापलं, दिवस मोठा झाला की या वेलांना नर फुलंच जास्त येतात. जिच्या मागे बोटाएवढी इवलीशी काकडी आधीच असते, ती मादी फुलं कमी होतात. वेल हिरवागार, फुलांनी भरलेला आणि टोपली रिकामी! ती मादी फुलं गारव्यात जास्त येतात. म्हणून पंधरा-वीस दिवस आधी निघालेला वेल मला हवा असतो. बाजारात भाव चांगला मिळतो हे खरंच, पण माझा हिशोब पाण्याचा आहे.

अडचण एकच. या बियांना ऊब लागते, पंचवीस-तीस अंशांची. गार, ओल्या मातीत टाकलं तर बी रुजत नाही, कुजतं. पण आपल्याकडची थंडी नीट बघा. पहाटे सहा अंश असले तरी दुपारी अठ्ठावीसपर्यंत जातात. म्हणजे उबेचा तुटवडा आहे तो रात्रीचा. दुपारची ऊब रात्रीला पुरवायची, एवढंच काम.

मटकीला मोड आणता येतात ना? मग निम्मं काम तुम्हाला येतंच. बी कोमट पाण्यात भिजवायचं. काकडीला चार-सहा तास पुरतात, दोडक्याला रात्रभर, कारल्याला पूर्ण दिवस-रात्र. कारल्याचं कवच टणक असतं, त्याचं टोक नेलकटरनं किंचित उडवायचं. अगदी किंचित, आतला गर दुखवायचा नाही. मग ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधून उबेला ठेवायची. आमच्याकडे चुलीच्या वैलाजवळ ठेवतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर वाटीत ठेवली तरी चालते. फडकं वाळू द्यायचं नाही आणि रोज उघडून बघायचं. मोड ज्वारीच्या दाण्याएवढा दिसला की लगेच पेरायचं. लांबला तर हात लागताच तुटतो.

इथं एक सांगते. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध लावलेलं असतं. त्याला स्वयंपाकाचं भांडं नको, मटकीचं फडकं तर नकोच नको. काम झालं की हात साबणानं धुवा.

पेरायचं कशात? करवंट्या मी वापरून पाहिल्या. त्यांचा मऊ डोळा फोडला की पाणी निचरतं, दिसतातही छान, पण उथळ पडतात आणि रोप काढताना मुळं दुखावतात. वेलवर्गाला तेच सोसत नाही. मिरची-वांग्याचं रोप गादीवाफ्यातून उपटून लावलं तरी तगतं, काकडी मान टाकते. म्हणून मी वर्तमानपत्राच्या नळ्या करते. कागदाची वीतभर रुंद दुहेरी पट्टी घ्यायची, स्टीलच्या पेल्याभोवती गुंडाळायची, दोन बोटं कागद बुडाखाली सोडायचा, तो आत दुमडून ओट्यावर दाबायचा आणि पेला ओढून घ्यायचा. झालं भांडं. लावताना कागदासकट जमिनीत जातं, मुळाला हात लागत नाही. दुधाच्या पिशव्याही चालतात, फक्त खाली भोकं पाडायची आणि लावताना पिशवी चिरून काढायची.

आत माती, शेणखत आणि भाताचं तूस सारखंच घ्यायचं. शेणखत मुरलेलं हवं. मुठीत धरून वास घ्या. शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी येते आणि रोपंही कोलमडतात.

आता रात्रीची ऊब. थंडीत सकाळी उकिरडा उकरला तर वाफ निघते, हे गावाकडच्या प्रत्येकानं पाहिलंय. तीच कामाला लावायची. गुडघाभर खड्ड्यात ताजं शेण आणि पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, दाबून भरायचं, ओलं करायचं, वर चार बोटं माती पसरायची. दोन-तीन दिवसांनी मातीत हात खुपसून बघा. चटका बसला तर अजून थांबा. हात सुखानं राहिला की नळ्या मांडा. ही ऊब दोनेक आठवडे टिकते, आपल्याला तेवढीच लागते. शेण नसेल तर काळ्या रंगानं रंगवलेल्या पाण्याच्या बाटल्या रोपांच्या कडेनं उभ्या करा. पाणी दिवसभर सावकाश तापतं, रात्री सावकाश निवतं. संध्याकाळी वरून जुनी साडी.

साडीच का, बाटली का नाही? पाच लिटरची पाण्याची बाटली बुडाशी कापून रोपावर उपडी घातली की छोटं काचघर होतं, असं मीही ऐकलं होतं. तीन वर्षांपूर्वी अशा अकरा बाटल्या मांडल्या, बुचं घट्ट लावली आणि आठवड्याच्या बाजाराला गेले. दोन वाजता परत आले तर अकराही रोपं पालकाच्या भाजीसारखी शिजून पडलेली. बाटली वाईट नाही, पण सकाळी आठला बूच काढलंच पाहिजे. ते रोज लक्षात राहील याची मला स्वतःचीच खात्री नाही, म्हणून साडी.

पाण्याचं तेवढं ध्यानात ठेवा. टाकीतलं पाणी रात्रभरात बर्फ होतं. विहिरीचं पाणी मात्र पहाटे हाताला कोमट लागतं. सकाळी मोटर चालू केल्यावर येणारं ताजं पाणी द्या, तेही थोडं. संध्याकाळी रोपं भिजवू नका. रात्रभर ओल राहिली की देठ जमिनीलगत काळा पडून रोप आडवं होतं.

बीमधून निघालेली पहिली जाड जोडी सोडून दोन-तीन खरी पानं आली की रोपं तयार. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर साधारण रथसप्तमीच्या सुमारास. लावायच्या आधी चार दिवस पाणी कमी करा, रात्रीची साडी काढा, थोडा गारठा लागू द्या. कागदाची कड मातीबाहेर ठेवू नका. ती वाऱ्यानं वाळते आणि आतली ओल ओढून घेते.

आमची पहिली काकडी मार्चच्या मध्यावर निघते. ती कुणी खायची यावरून दरवर्षी भांडण होतं, आणि हसणारेच पुढे असतात.

कारलं लावणाऱ्यांनी आज झोपण्यापूर्वी बी भिजत घाला. त्याला चोवीस तास हवेत. नमस्कार.