मागे फिरायला किती मिनिटं लागतात?

(बडोद्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, जाहीर झालेला विषय ‘सॉफ्टवेअर बाजारात कधी आणावं’ हा आहे. तिथे येतोच, पण आधी न्यूयॉर्कमधली १ ऑगस्ट २०१२ ची सकाळ सांगू द्या. काही बिघडलं की आपल्या धंद्यात ‘टेस्टिंग कमी पडलं’ म्हणून सगळे मोकळे होतात. चुकलं तर मागे फिरायला किती वेळ लागेल, हे कुणी विचारतच नाही.

नाइट कॅपिटल ही शेअर्सचे सौदे करणारी मोठी कंपनी. नवं कोड आठ सर्व्हरवर चढवायचं होतं. सात झाले, आठवा राहिला. दुसऱ्या माणसानं तपासून पाहावं, असा लेखी नियमच नव्हता. त्यात नव्या कोडनं एक जुना फ्लॅग, म्हणजे कोडमधला चालू-बंदचा खटका, वापरायला घेतलेला. २००३ पासून पडून असलेलं ‘पॉवर पेग’ हे सौदे करणारं जुनं कोड त्याच फ्लॅगनं चालू व्हायचं, आणि आठव्या सर्व्हरवर ते अजून होतं. किती शेअर्स झाले हे मोजून थांबवणारा भाग २००५ मध्येच तिथून हलवलेला, म्हणजे थांबायचं कधी हे त्याला कळणारच नव्हतं. बाजार उघडण्याआधी ‘पॉवर पेग’चं नाव असलेले ९७ ई-मेल आपोआप निघाले, त्यांच्याकडे इशारा म्हणून कुणी पाहिलं नाही. मग २१२ ऑर्डरींमधून ४५ मिनिटांत सुमारे ४० लाख सौदे झाले. आणि आता नीट ऐका: बिघाड आवरायला त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचं नवं कोड काढून टाकलं. झालं, तिथलंही जुनं ‘पॉवर पेग’ जागं झालं आणि आठही सर्व्हर तेच करू लागले! नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर गेलं. मागे फिरण्याचा उपायच आगीत तेल ठरला.

मग पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष बुजवणारी दुरुस्ती, लावूच नये का? ते त्याहून महागात पडतं. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय पसरलं १२ मे २०१७ ला, विंडोजमधल्या एका दोषातून. त्या दोषाचा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिला होता. लोक थांबतात ते बहुधा आळसानं नव्हे. पॅच लावल्यावर बिलिंग बंद पडलं तर पूर्ववत कोण करणार, ही धास्ती असते, आणि ती खोटी नाही.

म्हणून इथल्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांना माझं सांगणं: बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नका, तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. मग पॅच आधी एकाच कॉम्प्युटरवर टाका, तिथून इनव्हॉइस, ई-वे बिल आणि लेबल छापून बघा, दोन-तीन दिवसांनी बाकीच्यांवर. सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्राला, जोडलेला जुना विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर असेल तर त्याचं नेटवर्क वेगळं करा, इंटरनेट तोडा, विंडोजचा फाइल शेअरिंगचा ४४५ नंबरचा पोर्ट बंद ठेवा. पेन ड्राइव्ह आधी दुसरीकडे स्कॅन करा.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, तेव्हा मूळ विषय झटपट. टेस्टिंगच्या आणखी एका दिवसात किती चुका सापडतील, त्याला गिऱ्हाइकाकडे एक चूक निस्तरण्याच्या खर्चानं गुणा. हा आकडा एक दिवस उशीर करण्याच्या खर्चाखाली आला की रिलीज करा. गोम अशी की निस्तरण्याचा खर्च आपल्या हातात असतो. पाच मिनिटांत जुन्या व्हर्जनवर येता येत असेल तर तारीख खुशाल अलीकडे आणा. येत नसेल तर थांबा. डेटाबेसमध्ये आधी नवा कॉलम फक्त जोडा, जुनं कोडही चालत राहील असा. जुना कॉलम पुढच्या रिलीजमध्ये काढा. नवं व्हर्जन पहिल्या दिवशी गिऱ्हाइकांपैकी पाच दुकानांना द्या, मग पन्नास, मग सगळ्यांना. जुना फ्लॅग नव्या कामाला कधीही घेऊ नका. आणि दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या तोंडावर, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायच्या वेळी, अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरला हातच लावू नका. तो रिलीज २१ नंतर काढा, सकाळी, सगळी टीम जागेवर असताना.