फणी आळीत फण्या कुठे आहेत?

[दृश्य: सकाळ. कसबा गणपतीजवळचा रस्ता. आजोबांबरोबर दोन मुलं.]

पुण्यातली कसबा पेठ. शहराची सगळ्यात जुनी वस्ती. इथे नुसत्या पाट्या वाचत चाललं तरी सकाळ सरते. कुंभारवाडा. शिंपी आळी. कागदीपुरा. फणी आळी. नुकतं वाचायला लागलेलं पोर पाटी मोठ्यांदा वाचतं आणि विचारतं, ‘‘फणी आळीत फण्या कुठे आहेत?’’

फण्या आता नाहीत. कागदीपुऱ्यातला हातकागदही गेला. पण पोराने नेमकं विचारलंय. एका धंद्याची माणसं एका आळीत का राहायची? कुंभार नदीजवळच का? माती आणि पाणी, दोन्ही तिथे जवळ. एवढं कळलं की पुढची पाटी मुलं स्वतःच सोडवू लागतात.

[ध्वनी: हातोड्यांचे ठोके, आधी लांबून.]

तांबट आळी दिसण्याआधी ऐकू येते. इथे नाव आणि काम अजून जुळतं. हंडा, बंब, घंगाळं. अंगभर ठोक्यांच्या गोल खुणा. याला म्हणतात मठारकाम. मुलांना वाटतं, ही नक्षी. नक्षी आहेच, पण ठोक्यांनी तांबं कडकही होतं, म्हणून पातळ पत्र्याचं भांडंसुद्धा सहज चेपत नाही. जास्तच ठोकलं तर तडकतं. म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून ते पुन्हा मऊ करून घ्यायचं. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात ‘वर्धनीयता’, म्हणजे ठोकून धातूचा पत्रा होण्याचा गुण, भेटेल, तेव्हा हा आवाज आठवला तर बरंच.

[दृश्य: जुन्या वाड्याची भिंत, फटीत पिंपळ.]

भिंतीत झाड कुणी लावलं? पाखरांनी. फळ खाल्लं, बी विष्ठेतून फटीत पडलं.

नदीकडच्या पेठांत काही जुन्या भिंतींवर पुराची खूण दिसते. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. मुलं खुणेखाली उभी राहून आपली उंची मोजतात. ‘पाणी डोक्यावरून गेलं’ म्हणजे काय, ते तिथे वेगळं समजवावं लागत नाही.

अडचण मुलांची नसते, आपली असते. ‘‘चल, उशीर होतोय,’’ हे वाक्य तयारच असतं. काही उत्साही पालक तर हातात प्रश्नावलीच देतात. मग फिरणं संपतं आणि गृहपाठ सुरू होतो. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या असतात, मुलाला घेऊन रस्त्यावर उतरावं लागतं. शहर कुणासाठी बांधलंय, हेही ते त्याच फेरीत शिकतं.

पुण्यात नसलात तरी अडत नाही. नव्या सोसायटीतही विचारण्यासारखं पुष्कळ आहे. नळाला पाणी कोण सोडतं? कचऱ्याची गाडी पुढे कुठे जाते? गेटवरचे काका रात्री जेवतात कुठे? हा शेवटचा प्रश्न आला की आईबाबाही गप्प होतात. तो काकांनाच विचारावा लागतो.