ऑलिंपिकचं दार उघडण्याआधी

आज मी जिच्याबद्दल बोलणार आहे, तिचं नाव ऑलिंपिकच्या एकाही निकालपत्रकात सापडत नाही. काइया पार्वे. जन्म १९६४, एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथला. बायथलॉनमध्ये ती एकटीनं जगज्जेती झाली आणि संघाबरोबरही झाली. तरी ऑलिंपिकच्या बर्फावर ती कधी धावली नाही. तिची पात्रता कधी कमी पडली नाही. तिच्या ऐन उमेदीच्या काळात हा खेळ ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी नव्हताच.

आधी खेळ समजून घेऊ. पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल, पायात स्की. बर्फावरून जीव तोडून काही किलोमीटर जायचं, मग नेमबाजीच्या मैदानात थांबून ५० मीटरवरच्या पाच निशाणांवर पाच गोळ्या झाडायच्या. कधी पोटावर पडून, कधी उभ्यानं. पडून नेम धरताना निशाण ४५ मिलिमीटरचं, उभ्यानं ११५ मिलिमीटरचं. स्प्रिंटमध्ये, म्हणजे कमी अंतराच्या शर्यतीत, नेम चुकला की दर चुकीमागे १५० मीटरचा जादा फेरा. वैयक्तिक शर्यतीत प्रत्येक चुकीला एक मिनिट वेळेत मिळवलं जातं.

आपल्याकडे ५० मीटर रायफल म्हटलं की कोल्हापूर आठवतं. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे ज्या अंतरावरून आणि ज्या .२२ रायफलनं नेम धरतात, तेच अंतर आणि तोच बोअर, म्हणजे नळीचा व्यास, बायथलॉनमध्येही आहे. त्यांचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं, त्यामुळे बायथलॉनचं निशाण मोठं वाटेल. पण कोल्हापूरचा नेमबाज श्वास शांत करून चाप ओढतो. पार्वे मैदानात यायची तेव्हा छाती भात्यासारखी हलत असायची, बोटं थंडीनं बधिर झालेली असायची, आणि घड्याळ थांबत नसायचं. फार थांबलं तर शर्यत हातची जाते, घाई केली तर गोळी. किती थांबायचं हे दर वेळी स्वतःच ठरवायचं. या खेळात मला सगळ्यात मोठं वाटतं ते हेच.

एस्टोनिया सपाट देश. त्याचं सर्वांत उंच टोक ३१८ मीटरचं. कळसूबाई त्याच्या पाचपट भरेल. पण या प्रकारच्या स्कीइंगला कड्यांपेक्षा जंगल, टेकाडं आणि लांबलचक हिवाळा लागतो, आणि तो तिथे भरपूर आहे.

पुरुषांच्या बायथलॉनची पहिली जागतिक स्पर्धा १९५८ साली झाली आणि १९६० पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा व्हायला १९८४ उजाडलं. ती फ्रान्समधल्या शामोनीला झाली. त्याच हिवाळ्यात पुरुष सारायेव्होच्या ऑलिंपिकमध्ये धावत होते. शामोनीत तेव्हा तिघींची रिले असे, प्रत्येकीच्या वाट्याला पाच किलोमीटर. ती सोव्हिएत संघानं जिंकली, आणि त्या तिघींत वीस वर्षांचीही नसलेली पार्वे होती. पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये एग इथे १० किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत ती जगज्जेती झाली. नेम चुकला की एक मिनिट जाणार, अशी ही शर्यत. १९८६ साली स्वीडनमधल्या फालुनला तिनं ५ किलोमीटरची स्प्रिंट जिंकली. या शर्यतीत चुकीची वसुली पायांनी करावी लागते. दोन्हींचा स्वभाव वेगळा. एकीत हात स्थिर लागतो, दुसरीत वेगाला विसावा नसतो. लागोपाठच्या दोन वर्षांत दोन्ही जिंकणारी खेळाडू मला नुसती चांगली वाटत नाही, मोठी वाटते. त्या दोन्ही वर्षी रिलेचं सुवर्णही तिच्या संघाकडे होतं.

त्या सगळ्या पदकांपुढे देश म्हणून सोव्हिएत संघ लिहिलेलं असतं. १९४० साली सोव्हिएत संघानं एस्टोनिया गिळला होता. बर्फावर ती टॅलिनची मुलगी, कागदावर मात्र दुसऱ्याच सत्तेची. रिलेत तिच्या सोबतीला वेनेरा चेर्निशोवासारख्या रशियन खेळाडू होत्या, आणि रिले एकमेकींवर भरवसा असल्याशिवाय जिंकता येत नाही. त्या तिघी एकमेकींसाठी धावल्या. पदकतालिकेत मात्र देशाचं नावच तेवढं येतं, आणि त्याखाली एका छोट्या देशाचा इतिहास झाकला जातो. मला हे दुखतं, म्हणून बोलतो.

१९८८ मध्येही तेच झालं. पुरुष कॅलगरीच्या ऑलिंपिकला गेले, बायकांची जागतिक स्पर्धा पुन्हा शामोनीला भरली. ज्या शामोनीत १९२४ साली पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं होतं, तिथेच या बायका दोनदा ऑलिंपिकविना धावल्या.

इथे मला पुन्हा तेजस्विनी सावंत आठवतात. २०१० साली म्युनिकमध्ये त्या ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. बायकांचा तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. आपण त्यांचा मान राखला, कारण त्या आपल्या आहेत. पार्वेला तोच मान द्यायला आपल्याला कोण अडवतं?

अखेर ११ फेब्रुवारी १९९२ रोजी, आल्बेर्व्हिल ऑलिंपिकमध्ये बायकांची पहिली बायथलॉन शर्यत सुरू झाली. अंतर आता ७.५ किलोमीटर. अन्फिसा रेझ्त्सोवा जिंकली. ऑगस्ट १९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला होता, आणि १९३६ नंतर प्रथमच हिवाळी ऑलिंपिकमध्ये आपल्या निळ्या-काळ्या-पांढऱ्या झेंड्याखाली उतरला होता. त्या झेंड्याखाली बायथलॉनला आलेल्या मुलीही होत्या. त्यांत पार्वे नव्हती. तेव्हा तिचं वय होतं सत्तावीस.