बॅगा दाराबाहेर

पोर्तो अलेग्रे. ब्राझीलच्या पार दक्षिणेचं शहर. इथल्या विधी महाविद्यालयात लुपिसिनिओ रोद्रिगेस शिपाई होता. वाद्य एकही वाजवता येत नसे, चाली शिट्टीवर बांधायचा. त्याच्यासारख्यांच्या गाण्यांना ब्राझीलमध्ये ‘कोपरदुखी’ म्हणतात. बारच्या फळीवर कोपर टेकून प्रेमभंग गिळत बसणाऱ्यांची गाणी.

१९३८ साली सीरो मोंतेइरोने त्याचा एक सांबा गायला. त्यात एकजण मित्राला विचारतो: समज, तू माझ्या घरी आलास आणि तुला आवडलेली ती बाई तिथेच दिसली, तर? तुला टाकून गेलेल्या बाईपायी आपली दोस्ती मोडशील का? विचारणारा भलताच साळसूद आहे. बाई आता त्याच्याकडे नांदतेय.

इथून पुढे ही गाणी घराच्या दाराशी घुटमळत राहिली, असं मला वाटतं.

१९७२. आवाज एलिस रेजिनाचा, शब्द शिकू बुआर्कचे, चाल फ्रांसिस हीमेची. तो निघालाय. ती त्याला बोचकारते, त्याच्या पायजम्याला धरते, पाय धरते, शेवटी दारामागच्या गालिच्यावर पडून दबक्या आवाजात बोल लावते. लष्करी राजवटीच्या सेन्सॉरला यात खुपलं काय? मूळ ओळीत ती त्याच्या अंगावरचे केस धरत होती. केस गेले, छाती आली.

त्याच जोडीचं आणखी एक गाणं शिकूच्या १९७८च्या अल्बममध्ये आहे. माझ्या मते या सगळ्यांत अव्वल. इथे आरडाओरडा नाही, वाटणी आहे. बोनफिमच्या चर्चची नवसाची फीत तुलाच ठेव, मला काही तिचा गुण आला नाही. पिशिंगिन्याची रेकॉर्ड मात्र मी नेतो हं, बाकी सगळं तुझं. अंगठी गहाण टाक, नाहीतर वितळव. आणि ते नेरूदाचं पुस्तक परत दे, माझ्याकडून घेतलंस आणि कधी वाचलंच नाहीस. एवढं बोलून तो ओळखपत्र खिशात घालतो, फाटक ओढून घेतो. आपल्याला निघायला उशीरच झाला, असं त्याला वाटतंय.

पण दारामागची बाई असो की फाटकाबाहेरचा पुरुष, लेखणी पुरुषाचीच होती.

आता गोयास. शेतीवाडीचा, गुराढोरांचा मुलूख; सेर्तानेजो या ग्रामीण ढंगाच्या संगीताचा बालेकिल्ला. इथली मारीलिया मेंदोंसा स्वतःची गाणी स्वतः लिहायची. एप्रिल २०२०मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, तिने घरून गायलेला कार्यक्रम यूट्यूबवर एकाच वेळी ३३ लाखांवर लोक बघत होते. पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबरला, विमान अपघातात ती गेली. वय २६.

‘इन्फिएल’, म्हणजे बेइमान, या गाण्याने ती घराघरांत पोचली. त्यात बायको नवऱ्याशी बोलते ती ध्रुवपदात. त्याआधी बोलते ती थेट त्याच्या दुसरीशी: हे घे तुझं बक्षीस, कवडीमोलाचं. मी काही गमावलं नाही, सुटले. त्याच्या बॅगा बाहेर ठेवल्यात. आणि वर तोच रडत गेला.